गाय उलटली म्हणजे आत नेमकं काय झालं?

"डॉक्टर, चंद्री परत उलटली बघा."

फोन यवतजवळच्या एका वस्तीवरून होता. काकूंच्या गोठ्यात चार गाई आणि एक म्हैस. त्यात चंद्री सगळ्यात दुधाची, दुसऱ्या वेताची होल्स्टिन संकरित गाय. तीनदा भरवली, तीनदा उलटली. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, भरवली म्हणजे रेतन केलं, वळूचं रेत आत सोडलं. उलटली म्हणजे तरीही गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली. काका आता चाकणच्या बाजाराची भाषा करत होते. काकूंना गाय द्यायची नव्हती.

पंचवीसेक वर्षं मी पुणे जिल्ह्यात जनावरं तपासतोय. बाजाराची वाट धरलेल्या अशा कितीतरी गाईंच्या आत माझा हात गेला आहे, आणि बहुतेक वेळा आत सगळं जागच्या जागी होतं. चुकलेली होती ती वेळ. गाईच्या पोटात काय कुठे असतं आणि केव्हा काय घडतं हे मालकाला कळलं, तर यातल्या बऱ्याच गाई दावणीलाच राहतील असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी आतला रस्ता. शिकत असताना आमच्यासमोर कत्तलखान्यातून आणलेलं गाईचं गर्भाशय स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं. पुस्तकातल्या चित्रात ते केवढं तरी मोठं वाटायचं. प्रत्यक्षात गाभण नसलेल्या गाईचं गर्भाशय दोन्ही तळहातांत मावतं. पाचशे किलोच्या जनावराचा सगळा वंश एवढ्याशा जागेतून पुढे जातो, हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

बाहेरून आत जाऊ. शेपटीखाली दिसतं ते निरण. त्याच्या आत वीतभराहून थोडा जास्त लांब, मऊ भिंतींचा योनीमार्ग. याच्या तळाशी, निरणापासून थोड्याच अंतरावर लघवीच्या पिशवीचं तोंड उघडतं. म्हणून रेतनाची गन, म्हणजे रेत सोडायची लांब नळी, आत घालताना आधी वरच्या दिशेला तिरकी धरायची असते. सरळ किंवा खाली गेली तर थेट लघवीच्या वाटेत शिरते. योनीमार्ग संपतो तिथे कमळ, म्हणजे गर्भाशयाचं मुख. नाव कमळ असलं तरी हाताला ते कोंबडीच्या मानेसारखं लागतं, कडक आणि गाठाळ. लांबी तीन-चार इंच. आत एकामागे एक तीन-चार कडी असतात आणि त्यांची भोकं एका रेषेत नसतात. एरवी हे दार घट्ट बंद, गाभणपणात तर चिकट बुचाने सीलबंद. माजाच्या वेळी मात्र ते थोडं सैल होतं.

कमळाच्या पलीकडे गर्भाशयाचा मधला भाग. तो जेमतेम दीड इंचाचा. तिथून मेंढ्याच्या शिंगांसारखे दोन वळलेले फाटे निघतात. त्यांना आम्ही शिंगंच म्हणतो. वासरू वाढतं ते यातल्या एका शिंगात. शिंगांच्या टोकाला सुतळीएवढ्या गर्भनलिका आणि त्यांच्या शेवटी दोन बीजांडकोष, साधारण बदामाच्या आकाराचे. कालवड जन्मते तेव्हाच तिची आयुष्यभराची स्त्रीबीजं या बदामांत असतात, नंतर त्यात नव्याने भर पडत नाही.

रेतन करणारा माणूस डावा हात गाईच्या शेणाच्या वाटेने आत घालतो, हे पाहून अनेकांना कोडं पडतं. गर्भाशय या वाटेच्या अगदी खाली असतं. मधल्या पातळ पडद्यातून कमळ मुठीत पकडता येतं, आणि उजव्या हातातली गन योनीमार्गातून येऊन त्या कड्यांतून हळूहळू ओवता येते. गन ढकलायची नसते, कमळ गनवर चढवायचं असतं. हे जमायला मला कितीतरी महिने लागले. शेवटचं कडं पार झालं की गनचं टोक बोटाला टचकन लागतं. रेत सोडायचं ते तिथेच, कमळ संपल्या संपल्या. अलीकडे सोडलं तर कड्यांत अडकतं, फार आत घुसवलं तर एकाच शिंगात जातं आणि शिंगाच्या नाजूक अस्तराला इजाही होऊ शकते.

आता वेळेकडे येतो, कारण चंद्रीचं दुखणं तिथे होतं.

गाईचा माज साधारण २१ दिवसांनी येतो, १८ ते २४ दिवसांत कधीही. बीजांडकोषावर पाण्याने भरलेले छोटे फुगे वाढत असतात. त्यातला एक पुढे निघून द्राक्षाएवढा होतो. त्याच्या आत स्त्रीबीज असतं आणि त्याच्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात उतरतं. माजाची सगळी लक्षणं या इस्ट्रोजेनची. गाय हंबरते, चारा टाकून देते, दूध कमी करते, घडी घडी लघवी करते. निरण सुजल्यासारखं दिसतं आणि गाय सोट टाकते, म्हणजे काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा चिकट स्राव. काही जण त्याला बळस म्हणतात. सगळ्यात खात्रीचं लक्षण मात्र एकच. दुसरी गाय अंगावर उडली तरी ती हलत नाही, उभी राहते. ती दुसऱ्यांवर उडतेय एवढ्यावर माज धरू नये, तिच्या अंगावर कोणी उडाल्यावर ती काय करते ते बघायचं. आपल्याकडे जनावरं चोवीस तास दावणीला बांधलेली असतात, त्यामुळे हेच लक्षण दिसत नाही. मुक्त गोठा केलेल्यांना माज लवकर सापडतो, त्याचं मोठं कारण हे आहे.

हा माज बारा ते अठरा तास टिकतो. तो संपल्यावर आणखी दहा ते चौदा तासांनी फुगा फुटतो आणि स्त्रीबीज गर्भनलिकेत उतरतं. म्हणजे गाय शांत झाल्यावर बीज बाहेर येतं. सगळा घोळ इथे होतो. स्त्रीबीज काही तासच ताजं राहतं, आठ-दहा तासांनी त्याचा उपयोग उरत नाही. शुक्राणू गर्भाशयात जवळपास एक दिवस टिकतात, पण आत गेल्यावर फलनाची क्षमता यायला त्यांना सहाएक तास लागतात. म्हणून बीज येण्याआधीच शुक्राणू तयार होऊन वाटेत उभे असले पाहिजेत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम या हिशेबातून आलेला आहे.

काकूंना मी विचारलं, "माज कधी दिसला?"

"दुपारी. धार काढायला गेले तेव्हा."

"आणि डॉक्टर कधी आले?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. सांगितलंय ना तसंच, बारा तासांनी."

काकूंनी नियम पाळला होता. पण दुपारी दिसलेला माज दुपारीच सुरू झाला होता कशावरून? बऱ्याच गाई रात्री किंवा पहाटे माजावर येतात. चंद्री बहुधा मध्यरात्रीपासून माजावर होती. दुपारी दिसेपर्यंत निम्म्याहून जास्त वेळ गेला होता, आणि भरवेपर्यंत बीज येऊन शिळं होण्याच्या बेतात आलं होतं. तीनही वेळा असंच. मग काकूंनी एक खुलासा केला, जो मी आधीच विचारायला हवा होता. "भरवल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त जातं हो तिचं. गर्भच ठरत नाही."

हे रक्त मी मुद्दाम समजावून सांगतो, कारण याच्याबद्दल फार गैरसमज आहे. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांनी काही गाईंच्या, विशेषतः कालवडींच्या निरणातून थोडं रक्त येतं. इस्ट्रोजेन उतरल्यावर गर्भाशयाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं. गाभण राहिली की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. ते एवढंच सांगतं की माज नुकताच होऊन गेला. भरवल्याच्या दुसऱ्या दिवशीच रक्त दिसत असेल, तर आपण उशिरा भरवतोय हा त्याचा स्पष्ट इशारा. आणि माज न दिसताच अचानक रक्त दिसलं, तर तारीख लिहून ठेवा. तिथून अठराव्या दिवसापासून पहाटे उठून गाय बघायला लागा.

समजा वेळ साधली, तर पुढे काय? फुगा फुटला त्या जागी एक पिवळसर गोळा तयार होतो, त्याला पीतपिंड म्हणतात. तपासताना तो बदामावर बोर चिकटवल्यासारखा लागतो. यातून प्रोजेस्टेरॉन निघतं. ते गर्भाशयाला शांत ठेवतं आणि नवा माज अडवून धरतं. गर्भ नलिकेतच तयार होतो, चार-पाच दिवसांनी गर्भाशयात उतरतो आणि बरेच दिवस कुठेही न चिकटता नुसता तरंगत राहतो. सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय चाचपून बघतं, आत कोणी आहे का? गर्भाने इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन पुरेसं सोडलं, तर पीतपिंड कायम राहतो. तो निरोप पोचला नाही, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून पीतपिंड विरघळवून टाकतं. त्यानंतर तीन-चार दिवसांत गाय माजावर. आपण म्हणतो, उलटली.

म्हणून गाय किती दिवसांनी उलटली हे मला हवं असतं. बरोबर २१ दिवसांनी आली, तर एकतर फलन झालंच नाही किंवा कोवळा गर्भ निरोप देण्याआधीच गेला. तीस-पस्तीस दिवसांनी आली, तर गर्भ ठरला होता आणि नंतर गेला असावा. अशा वेळी जंतुसंसर्ग, उष्णता, आहार यांकडे बघावं लागतं. बेचाळीस दिवसांनी आली, तर मधला एक माज आपल्या नजरेतून सुटला. दहा-बारा दिवसांनी आली, तर दोनांपैकी एक वेळी तो माज नव्हताच. 'उलटली' हा एकच शब्द, पण तारीख हाताशी असेल तर आत काय बिघडलंय ते त्यातून कळतं. सोट गढूळ असेल, त्यात पांढऱ्या कण्या किंवा पू दिसत असेल, तर भरवण्याची घाई करू नका, आधी गर्भाशयाचा उपचार.

कांडीबद्दलही बोललं पाहिजे. कांडी म्हणजे गोठवलेलं रेत भरलेली बारीक नळी. वळूचे वृषण पोटाबाहेर लोंबतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान लागतं. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हाचा फटका वळूच्या रेतात पुढे कित्येक आठवडे दिसतो. वळू एका वेळी साधारण पाच मिलिलिटर रेत देतो. ते पातळ करून पाव मिलिलिटरच्या कांड्यांत भरतात, प्रत्येकीत सुमारे दोन कोटी शुक्राणू. एका वळूच्या एका वेळच्या रेतातून दोन-अडीचशे गाई भरवता येतात, त्या यामुळे.

गोठवताना पाण्याचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशी फाटतात, ही मोठी अडचण होती. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्लिसरॉलने हे टळतं असं आढळलं. तेही चुकीची चिठ्ठी लागलेल्या बाटलीमुळे. आपल्या जिल्ह्यात या तंत्राची वाट रुंद झाली ती उरुळी कांचनला. गांधीजींनी १९४६ मध्ये तिथे निसर्गोपचाराचं काम सुरू केलं आणि मणिभाई देसाईंना ते सांभाळायला मागे ठेवलं. मणिभाईंनी १९६७ मध्ये बाएफ या संस्थेची स्थापना केली आणि गोठवलेलं रेत शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं. त्याआधी माजावर आलेल्या गाईला वळूपर्यंत चालवत न्यावं लागायचं. माझ्या आजोबांनी ती पायपीट केलेली आहे.

कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. कंटेनरमधला नायट्रोजन कमी पडला, किंवा हवी ती कांडी शोधताना बाकीच्या तोंडाशी धरून ठेवल्या, तर शुक्राणू मरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. एका केंद्रातून आणलेल्या कांड्यांनी एका वस्तीवरच्या सगळ्या गाई लागोपाठ उलटल्या, आणि मी महिनाभर गाईंमध्येच दोष शोधत बसलो. शेवटी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्यात हालचालच नव्हती. तेव्हापासून मी शेतकऱ्यांना सांगतो, कांडी बघायला मागा. तिच्यावर वळूचा नंबर, जात, तारीख छापलेली असते. ती लिहून ठेवा. कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट वितळवायची असते. तळहातावर चोळून किंवा खिशात ठेवून नाही. घरात थर्मामीटर आणि तांब्याभर कोमट पाणी तयार ठेवलंत, तर येणाऱ्यालाही हुरूप येतो.

हल्ली लिंगनिश्चित कांडीची चौकशी फार होते. कालवड देणाऱ्या शुक्राणूत जनुकद्रव्य सुमारे चार टक्के जास्त असतं. तेवढ्या फरकावर यंत्र शुक्राणू निवडतं. दहांपैकी नऊ वेळा कालवड होते. पण या कांडीत शुक्राणू कमी असतात, त्यामुळे गाभण राहण्याचं प्रमाणही कमी. ती निरोगी कालवडींना आणि नेमका माज सापडलेल्या गाईला वापरा. तीनदा उलटलेल्या गाईला वापरू नका.

एक चूक माझ्या हातूनही झाली आहे. नवीन होतो. वेल्ह्याकडच्या एका गाईने माज दाखवला. आधी भरवलेली होती, पण उलटली असणार असं धरून मी न तपासताच गन आत घातली. काही गाई गाभण असतानाही माजाची लक्षणं दाखवतात, हे मला माहीत होतं, तरी घाई केली. कमळातलं ते चिकट बूच फुटलं आणि आठवडाभरात गर्भ पडला. मालक मला एक शब्दही उलटून बोलला नाही, ते जास्त लागलं. आज आधी भरवलेली गाय पुढ्यात आली की मी गर्भाशय तपासल्याशिवाय गन उचलत नाही. तुमच्या दारी येणाऱ्यालाही तुम्ही हेच सांगा.

म्हशीचं गणित याहून अवघड. चक्र २१ दिवसांचंच, पण माज मुका. ती फारशी हंबरत नाही, उडत नाही. सोट कमी असतो आणि लोंबत नाही, बसल्यावर मागे जमिनीवर थोडा सांडलेला दिसतो. उन्हाळ्यात माज रात्रीच दिसतो किंवा बंदच होतो. श्रावण-भाद्रपदापासून थंडी संपेपर्यंत म्हशी खऱ्या अर्थाने माजावर येतात. अचानक पान्हा चोरला, वारंवार थोडी थोडी लघवी केली, एवढ्यावर ओळखावं लागतं. गाय नऊ महिने नऊ दिवसांनी विते, म्हैस दहा महिने दहा दिवसांनी, हा जुना हिशेब आजही चांगला जुळतो.

चाऱ्याबद्दल थोडं, कारण आपला भाग उसाचा आहे. दौंड, शिरूर, बारामतीकडे हंगामात जनावरांपुढे फक्त उसाचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे असतात. वाढ्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं, आणि त्यात प्रथिनंही कमी. व्याल्यावर गाय आधी दूध देते, मग स्वतःचं अंग भरते, आणि माज सगळ्यात शेवटी. अंगावर बरगड्या दिसत असतील तर बीजांडकोष निजलेलेच राहतात, कितीही इंजेक्शनं द्या. वाढ्याबरोबर मका किंवा मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), थोडी पेंड आणि रोज क्षार मिश्रण एवढं सांभाळलं, तर बऱ्याच गाई आपणहून माजावर येतात. व्याल्यावर गर्भाशय मूळ आकाराला यायला सहाएक आठवडे लागतात. दोन महिन्यांच्या आत भरवण्याची घाई नको.

आणखी दोन गोष्टी, ज्या विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. जुळं झालं आणि त्यात एक खोंड, एक कालवड असेल, तर ती कालवड बहुतेक वेळा वांझ निघते. पोटात दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात आणि खोंडाच्या संप्रेरकांमुळे कालवडीचं गर्भाशय नीट घडतच नाही. अशी कालवड दोन वर्षं सांभाळून मग रडण्यापेक्षा लहानपणीच तपासून घ्या. दुसरं, शेवटच्या महिन्यांत गर्भ पडला तर ती वार उघड्या हाताने उचलू नका, घरातल्या बायकांना तर बिलकूल उचलू देऊ नका. ब्रुसेलोसिस हा रोग त्यातून माणसाला होतो. हातमोजे घाला आणि वार चुन्यासह खोल पुरा. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात याची लस देता येते.

शेळ्यांचं थोडक्यात. संगमनेरी असो की उस्मानाबादी, चक्र २१ दिवसांच्या आसपास आणि गाभणकाळ पाच महिने. गावातला एकच बोकड वर्षानुवर्षं फिरत असतो आणि पुढे स्वतःच्याच लेकींवर चढतो, तिथे करडं कमजोर व्हायला लागतात. दर दीड-दोन वर्षांनी बोकड बदला, तोही लांबच्या गावचा आणा.

काकूंनी चंद्रीसाठी फक्त एक बदल केला. पहाटे पाचला आणि रात्री दहाला, धारेशी संबंध न ठेवता, दहा मिनिटं गोठ्यात उभं राहून गाईकडे बघायचं. पुढचा माज त्यांना ११ ऑगस्टला रात्री दहा वाजता सापडला. १२ तारखेला सकाळी मी भरवली. २१ दिवस गेले, ४२ गेले, चंद्री शांत.

नोव्हेंबरच्या मध्याला तपासायला गेलो. काका गाईचं डोकं धरून उभे, काकू मागे. हात आत घातला. एक शिंग दुसऱ्यापेक्षा चांगलं फुगलेलं, आत पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं डचमळणारं. बोटांच्या चिमटीत धरून हलकेच सोडलं, तेव्हा आतला पातळ पडदा निसटून गेल्याचं स्पष्ट लागलं. हात काढला, बादलीत धुतला.

"काय?" काकूंनी विचारलं.

"१२ ऑगस्टला भरवली ना? २१ मे धरा."

काकू आत जाऊन कालनिर्णय घेऊन आल्या. हा मे महिना त्यात नव्हता, तो पुढच्या वर्षाचा. मग त्यांनी गोठ्याच्या पत्र्यावर खडूने तारीख लिहिली, आणि खाली चंद्रीचं नाव.